हसू कुणाकडचं

पासपोर्टच्या फोटोत हसायचं नसतं. हनुवटी सरळ, दोन्ही कान उघडे, ओठ मिटलेले आणि चेहऱ्यावर, स्टुडिओच्या मालकांच्या शब्दांत सांगायचं तर, "काहीही नको." फिसू हे दिवसातून कितीतरी वेळा समोरच्याला ऐकवायची आणि सगळा घोळ तिथेच व्हायचा. चांगला धडधाकट माणूस चेहऱ्यावर काहीही नको म्हणून जिवाचा आटापिटा करायला लागला, की त्याचे डोळे वाटोळे व्हायचे, नाकपुड्या फुगायच्या, आणि फिसूच्या घशात बारीकसं 'फिस्स' व्हायचं. कुकरची शिट्टी होण्याआधी होतं ना, तसं. त्यानंतर तिच्या हातात काही उरायचं नाही. तिला फिसू म्हणायचे तेही त्यामुळेच.

त्या सोमवारी स्टुलावर एक न्यायाधीश होते. खरेखुरे, निवृत्तीला टेकलेले. ते कॅमेऱ्याकडे असे बघत होते, की आता याला सक्तमजुरीच ठोठावणार. फिसूने खाली बघितलं, जीभ चावली, घरचं तुंबलेलं बेसिन आठवून पाहिलं. फिस्स. तिने कॅमेऱ्यामागे तोंड लपवलं, पण खांदे काही लपेनात. न्यायाधीशांनी आधी भुवया चढवल्या, मग त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, मग दुसरा, आणि मग ते असे हसले की स्टूल गदगदायला लागलं. फोटो एकही धड आला नाही. जाताना ते म्हणाले की इतकं आपण लग्नानंतर पहिल्यांदाच हसलो. आणि फोटो समोरच्या दुकानात जाऊन काढून घेतला.

मालकांनी कपाळाला हात लावला. ते ओरडणाऱ्यातले नव्हते, उसासे टाकणाऱ्यातले होते, आणि फिसूला त्यांच्या उसाशांची भाषा कळायची. या उसाशाचा अर्थ होता: काही दिवस आत बसून फोटो काप.

एवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट सांगायचं कारणच नव्हतं. पण त्याच आठवड्यात ठमीला लस टोचायला नेलं. ठमी म्हणजे फिसूची लेक. खालच्या हिरडीत नुकतेच दोन दात लुकलुकायला लागलेले आणि डोक्यावर केसांचा एकुलता एक तुरा. डॉक्टरांनी सुई भरली आणि चेहरा जितका गंभीर करता येतो तितका केला. ठमीने त्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं आणि तिच्या इवल्याशा घशात 'फिस्स' झालं. सुई टोचली, तिने भोकाड पसरलं, अर्ध्या रडण्यात नजर पुन्हा डॉक्टरांकडे गेली आणि गालांवरचं पाणी तसंच ठेवून ती खदखदायला लागली. नर्स हसली. डॉक्टर हसले. बाहेर आपली पाळी यायच्या आतच रडून घेणारं एक पोर चकित होऊन गप्प झालं.

सोबत फिसूची आई होती. तिला नेमकी खोकल्याची उबळ आली आणि ती पाणी प्यायला बाहेर गेली. आईचा हा खोकला जुना होता. लग्न, सत्कार, शोकसभा, कुठेही चार माणसं गप्प बसली की आईला धुळीचा त्रास व्हायचा. परत आली ती तोंड पुसत, ताठ मानेने. सगळी नोकरी इस्पितळात मेट्रन म्हणून केलेली बाई. तिच्या रुमालालासुद्धा सुरकुती पडायची हिंमत नव्हती. ठमीकडे बघून ती म्हणाली, "कुणावर गेलीये कोण जाणे."

झालं. फिसूला ते वाक्य टोचलं.

हे वाक्य ती बोबडं बोलायची तेव्हापासून ऐकत आली होती. शाळेत सगळे रांगेत चिडीचूप उभे असताना ती हसायची, बाई बाहेर काढायच्या, आई न्यायला यायची आणि वाटेत तेवढंच म्हणायची. रागाने नव्हे. सापडलेल्या वस्तूचा मालक सापडत नसावा, तसं. मग फिसूने घरातले सगळे फोटो काढून त्यांत स्वतःला शोधलं होतं. बाबांकडचे लोक मिटल्या ओठांचे, आईकडचे त्याहून मिटलेले. शेवटी तिने ठरवून टाकलं, की जन्मतःच इस्पितळात आपली अदलाबदल झाली असणार. पण तिथली मेट्रन आईच, तेव्हा तक्रार करायची कुणाकडे?

आता त्या सगळ्याचं तिला हसू यायचं. (तिला कशाचं यायचं नाही?) पण ठमीने तोच प्रश्न ऐकत मोठं व्हावं, आपण या घरात चुकून आलो असं त्या तुऱ्याखालच्या डोक्यात यावं, हे तिला सोसेना. हे हसू कुणाचं, कुठून चालत आलं, ते ठमीला सांगता आलंच पाहिजे.

नवरा लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करायचा. तो म्हणाला, बिघाड शोधायचा तर एकेक मजला तपासत जायचं. बिघाड म्हणू नकोस, फिसू म्हणाली. त्याने लगेच शब्द बदलला. बरं, आवाज. कुठल्या मजल्यावरून आवाज येतोय ते बघ.

फिसूने स्टुडिओतल्या पांढऱ्या पडद्याच्या कागदाचा उरलेला तुकडा आणून फरशीवर पसरला आणि वंशवृक्ष काढायला घेतला. खाली ठमी, वर दोन्हीकडची माणसं, त्यांच्या वर त्यांची माणसं. पणजोबांपर्यंत पोचली तोवर ठमी रांगत आली आणि पणजोबांच्या फांदीवर शू करून पुढे गेली.

मग ठमीच्या दुपारच्या झोपेत फोन सुरू झाले. आत्याने प्रश्न ऐकताच कानावर हात ठेवले. आमच्याकडे टक्कल आहे, गुडघे आहेत, विसराळूपणा आहे, हवं ते घे, पण हसू आमचं नाही; तुझे आजोबा तर स्वतःच्या लग्नातही हसले नव्हते. एका चुलतकाकांनी 'वंशवृक्ष' एवढा एकच शब्द ऐकला आणि वकिलाशिवाय सही करणार नाही असं सांगून फोन ठेवला. एका चुलतआजीला कमी ऐकू यायचं. आपल्याकडे नको तिथे हसू कुणाचं होतं, असं विचारल्यावर तिने 'हसू'चं 'सासू' ऐकलं आणि आपल्या सासूचा जो पाढा सुरू केला तो ठमी उठेपर्यंत संपला नाही. फिसूने तो सगळा ऐकला. सासू खरोखरच नको तिथे होती.

बाबांनी मात्र मिठाची गुळणी धरली. पेपर डोळ्यांपर्यंत वर घेऊन ते म्हणाले, तुझ्या आईच्या बाजूचं मला विचारू नकोस. म्हणजे जे काही होतं ते त्याच बाजूला होतं.

त्या बाजूला होती मावशी. आईची धाकटी बहीण, लोकांना मोटार चालवायला शिकवणारी. आई आणि मावशीचं कित्येक वर्षांपासून पटत नव्हतं. भांडण कुणी ऐकलं नव्हतं, पण एकजण सकाळी आली की दुसरी संध्याकाळी यायची, आणि एका खोलीत दोघी कधी म्हणून दिसायच्या नाहीत. कुणी म्हणे शिलाई मशीनवरून बिनसलं, कुणी म्हणे कुठल्याशा स्थळावरून. फिसूच्या वाट्याला मावशी आली होती ती अशी तुकड्यातुकड्याने, बहुतेक वेळा निघायच्या घाईत.

तिने मावशीला फोन लावला. मावशी शिकवणीवर होती, शेजारी कुणीतरी नवशिका चाक धरून बसलेला. फिसूने भीतभीतच विचारलं, की आपल्याकडे नको तिथे हसणारं कुणी होतं का.

पलीकडे नुसता गाडीचा आवाज. मग 'फिस्स'.

फिसूने फोन कानापासून लांब धरून बघितला. तिला वाटलं आपलाच आवाज परत येतोय. तोच सूर, तोच मधला हिसका, आणि श्वास घेताना होणारी तीच बारीक किंकाळी. तिकडे नवशिक्याने घाबरून करकचून ब्रेक दाबला. इकडे फिसू स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली आणि हसता हसता रडायला लागली, की रडता रडता हसायला, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"अगं, ताईने तुला काहीच सांगितलं नाही?" मावशी म्हणाली आणि गाडी बाजूला घ्यायला लावून सगळं सांगत बसली.

आई आणि मावशीच्या आजोबांची शोकसभा होती. वक्त्याला त्या दिवशी दोन शोकसभा होत्या आणि त्याच्या कागदांची अदलाबदल झाली. आजोबांना पाण्याची इतकी भीती, की बादलीतसुद्धा ते लांब हात करून तांब्या बुडवायचे. वक्ता मात्र गहिवरून सांगत होता, की लाटांशी लीलया झुंजणारा असा पोहणारा पुन्हा होणे नाही. दोघी बहिणी पहिल्या रांगेत. आधी ताईच्या घशात फिस्स झालं, मग धाकटीच्या, आणि दोघींना दंडाला धरून बाहेर काढावं लागलं. त्या दिवशी मागच्या अंगणात दोघींनी करार केला: आपण दोघी एकत्र आलो की काही खरं नाही, तेव्हा यापुढे चारचौघांत एका खोलीत यायचं नाही. नातेवाइकांनी त्याचं भांडण केलं. यांनी ते राहू दिलं.

"भांडणाला घरात मान असतो गं," मावशी म्हणाली, "हसण्याला नसतो." बाकी रोज बाबा फिरायला गेले की दोघी फोनवर असतातच, बाबांना ते ठाऊक आहे, म्हणून ते जरा लांबून फिरून येतात.

"आणि आईचा खोकला?"

"कसला खोकला?"

"धुळीचा."

यावर मावशी जी सुटली ती फोन बंद पडेपर्यंत.

फिसूला घरभर नाचावंसं वाटलं आणि ती नाचलीही, ठमीला कडेवर घेऊन, वंशवृक्ष चुकवत. पण संध्याकाळपर्यंत तिच्या लक्षात आलं की एवढ्याने ठमीचं काम झालेलं नाही. 'कोण जाणे' आई म्हणाली होती. उत्तरही आईच्याच तोंडून यायला हवं होतं.

संधी चालून आली. आईला पेन्शनसाठी नवा फोटो हवा होता. दरवर्षी आपण जिवंत आहोत हे तिला कागदोपत्री दाखवावं लागे. फिसूने तिला शनिवारी सकाळी स्टुडिओत बोलावलं. त्याच वेळेला मावशीलाही बोलावलं आणि कशासाठी ते सांगितलं नाही. मग शनिवार उजाडेपर्यंत ती स्वतःलाच विचारत राहिली. आई चिडून तोंड फिरवून निघून गेली तर? वर्षानुवर्षं झाकलेलं आपण उघडं करायचं, आणि तेही मालकांसमोर?

आई स्टुलावर बसली. मालक म्हणाले, चेहऱ्यावर काहीही नको, आणि आईने चेहऱ्यावर खरोखर काहीही ठेवलं नाही. मालक हरखून गेले. असा चेहरा कित्येक वर्षांनी मिळाला म्हणाले आणि फिसूकडे, शिक बघून, अशा नजरेने बघितलं. फिसू ठमीला घेऊन कोपऱ्यात उभी होती.

दार ढकलून मावशी आत आली, बोटात गाडीची किल्ली फिरवत. समोर पांढऱ्या पडद्यापुढे ताई, हनुवटी सरळ, कान उघडे, जिवंत असल्याचा पुरावा द्यायला बसलेली. मावशी जागच्या जागी थांबली.

आईने तिला पाहिलं. हनुवटी सरळच राहिली. मग नाकपुड्या फुगल्या आणि खोकल्याची उबळ आली. मालक पाणी आणायला धावले.

मावशी अगदी काळजीने म्हणाली, "ताई, धूळ फार आहे का गं इथे?"

फिस्स.

आईचं हसू फिसू जन्मात पहिल्यांदा ऐकत होती. ते तिच्यासारखंच घशातून निघालं, तिच्यासारखंच मध्ये अडखळलं आणि मग सुसाट सुटलं. आई स्टुलावरून घसरली आणि खाली बसूनच हसत राहिली. मावशी कॅमेऱ्याच्या तिकाटण्याला धरून वाकली. ठमीने एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं, आणि आपणच मागे राहिलो असं वाटून तिने सगळ्यांपेक्षा मोठ्याने सुरुवात केली. मालक पेला घेऊन आले, काय झालंय ते त्यांना कुणी सांगेना, तरी तेही हसायला लागले आणि सगळं पाणी त्यांच्या बुटांवर सांडलं.

जरा दम खाल्ल्यावर आईने वर बघितलं. फिसू हसत नव्हती.

"आई, मला का नाही सांगितलंस?"

आईने रुमाल काढला. तो पार चुरगळला होता. "मेट्रन हसली तर वॉर्ड चालतो का? माणसं कण्हत असायची, आणि माझ्या पोटात हे. कसं दाबायचे माझं मला माहीत." ती थांबली. "वाटलं, आपण नावच काढलं नाही तर तुझं तरी सुटेल."

"सुटलं नाही."

"नाही ना. तू प्रयत्न तरी कुठे केलास?"

मग आईने हात पुढे केले आणि ठमीला मांडीवर घेतलं. तिचा तुरा नीट केला, तो लगेच पुन्हा उभा राहिला. "माझ्यावर गेलात तुम्ही, बाईसाहेब," ती म्हणाली, "आणि ही तुमची आईसुद्धा. सगळीच्या सगळी माझ्यावर गेलीये."

फिसूने वाकून ठमीचं नाक पुसलं आणि मग स्वतःचं.

"आणि मी आजीवर," आई समाधानाने म्हणाली.

"आजीवर?" मावशी सरळ उभी राहिली. "काहीतरीच. आजोबांवर."

"आजोबा कधी हसले? आजी हसायची. जेवताना, भिंतीकडे तोंड करून."

"ती उचकी होती ताई."

"उचकी अशी असते? मी रुग्णालयात आयुष्य काढलंय, मला उचकी शिकवू नकोस."

"आणि मी तिच्याशेजारी जेवायला बसायचे, तू पलीकडे असायचीस."

आवाज चढले. आईने ठमीला फिसूच्या हातात दिलं, पिशवी उचलली, आणि दोघी एकमेकींचं वाक्य तोडत दारातून जिन्याकडे निघाल्या. आपल्या आयुष्यातलं पहिलं खरंखुरं भांडण त्या करत होत्या, आणि दोघींपैकी कुणीही माघार घेण्याच्या बेतात नव्हतं. मालकांनी जिन्यावरून वाकून हाक मारली, अहो, फोटो राहिला. कुणाला ऐकू गेलं नाही.

फिसूने मालकांकडे अर्ध्या तासाची सुट्टी मागितली. ते उसासा टाकायला गेले, पण मध्येच पुन्हा हसू फुटलं, त्यामुळे ती मिळाली असं धरून चालायला हरकत नव्हती. ठमीला कडेवर घेऊन ती दोघींच्या मागून जिना उतरत पळाली. भांडणात पडायला नव्हे. एक शब्दही चुकवायचा नव्हता म्हणून.