तपकिरी, काळा, लाल

कारखान्यात त्याला सगळे 'मीटर' म्हणत. रेडिओच्या कारखान्यात रेझिस्टर निवडून डब्यांत भरायचं काम होतं त्याचं. रेझिस्टर म्हणजे वीज किती जाऊ द्यायची ते ठरवणारा शेंगदाण्याएवढा तुकडा. त्याच्या अंगावर रंगांचे पट्टे असतात आणि त्या पट्ट्यांवरून त्याचा आकडा कळतो. बाकीचे लोक मीटर नावाचं यंत्र लावून मोजत, हा पठ्ठ्या नुसतं बघून सांगायचा. निदान लोकांना तसं वाटायचं, आणि त्याला स्वतःला तर शंभर टक्के वाटायचं. कारखाना बंद पडून जमाना झाला, माणूस त्रेसष्टीला टेकला, डोक्यावरचे केस गेले, पण ते नाव काही गेलं नाही.

आता रिटायर माणसाने काय करावं? सकाळी फिरावं, दुपारी झोपावं आणि उरलेला वेळ बायकोच्या कामात लुडबुड करावी. यातलं तिसरं त्याने इतकं मन लावून केलं, की शेवटी बायको म्हणाली, "अहो, तुम्ही काहीतरी छंद लावून घ्या. नाहीतर मला लावून घ्यावा लागेल, आणि तोही घराबाहेरचा!"

म्हणून ते किट आलं. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचं, म्हणजे गाण्याचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राचं. बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह, दोन जडशीळ ट्रान्सफॉर्मर, भोकं पाडलेला पत्रा, वायरींची गुंडाळी आणि सुट्या भागांच्या पुड्या. सगळं आपलं आपण जोडायचं. जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरून त्याने दुकान मांडलं, आणि तीन आठवडे नवराबायको ताटं मांडीवर घेऊन जेवली. सोल्डर गन, म्हणजे धातू वितळवून टाके द्यायचं हत्यार, तापली की राळेचा तो वास घरभर पसरायचा. बायको नाक मुरडायची, आणि हा मात्र डोळे मिटून असा श्वास ओढायचा की विचारू नका.

किटबरोबरच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर ठळक लिहिलं होतं, प्रत्येक रेझिस्टर जोडण्याआधी मीटरने मोजून घ्या. ते वाचून हा खो खो हसला. "अगं, ऐकलंस का? मीटरला सांगतायत, मीटरने मोज!"

शनिवारी सकाळी काम पुरं झालं. पडदे ओढून त्याने बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी झाले. त्याने तबकडी लावली, आणि डाव्या स्पीकरातून बाईंचा आवाज असा निघाला, की बायको हातातलं फडकं घेऊन दारातच उभी राहिली. गाणाऱ्या बाई श्वास घेतात तोसुद्धा ऐकू येत होता. "अगंबाई!" एवढंच ती म्हणाली. याचा ऊर भरून आला. उद्या चार वाजता ताई येणार होती, तिलाच पहिलं गाणं ऐकवायचं असं त्याने ठरवलं होतं. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहणारी.

पण उजवा स्पीकर घरघरत होता. मग त्या बाजूचा व्हॉल्व्ह आतून लालभडक झाला आणि पत्र्याखालून धूर निघाला.

त्याने झटकन वायर उपटली. असलं यंत्र बंद केलं तरी आत वीज साठून राहते, म्हणून ती रीतसर उतरवली, मग पत्रा उलटा केला. एक रेझिस्टर करपून गेला होता. "माल खराब आहे," तो म्हणाला. "या किटवाल्यांना ना, कोर्टात खेचायला पाहिजे."

बायको भिंग घेऊन वाकली. "करपलेल्याचं जाऊ द्या. हा शेजारचा बघा. पुस्तकात इथे तपकिरी, काळा, लाल लिहिलंय. पण हा तर तपकिरी, काळा, तपकिरी आहे."

"लालच आहे तो."

"अहो, काहीतरीच काय! हा बघा, पुडीतला जास्तीचा. हा लाल. आणि हा तुम्ही लावलेला. दिसतोय ना फरक?"

त्याने बघितलं. खिडकीशी नेऊन बघितलं, चष्मा काढून बघितलं, चष्मा पुसून बघितलं. दोन्ही तुकडे एकमेकांची जुळी भावंडं.

बायकोच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं. तिने शिवणाच्या डब्यातून बटणं आणली आणि टेबलावर ओतली. "यातली लाल वेगळी करा." त्याने केली. तिने त्या ढिगातली तपकिरी एकेक करून बाजूला काढली, निम्मी तरी निघाली. मग म्हणाली, "म्हणजे तुमचा तो स्वेटर!"

स्वेटर ताईने विणलेला. अंग तपकिरी आणि डावी बाही कोपरापासून खाली चांगली लालबुंद. लोकर निवडायला ताई दर वेळी त्याला बरोबर न्यायची. "मला आपली ही लडी वेगळी वाटते रे," ती दुकानात म्हणाली होती. "पण तू बघ. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही." याने छातीठोक सांगितलं होतं, दोन्ही एकच आहेत. दुकानदार काहीतरी बोलायला गेला, तर याने त्यालाही गप्प केलं. घरात सगळ्यांनी पोट धरून हसून घेतलं, आणि ताई कपाळावर हात मारून म्हणाली होती, "मेले माझे डोळे!"

बायकोला त्या स्वेटरचं हसू येत होतं. याला येत नव्हतं. कारण ताईला आपल्या डोळ्यांचा भरवसा का उरला नव्हता, हे त्याला माहीत होतं. तो खुर्चीत बसला तो उठेचना.

ताई त्याच कारखान्यात होती, सोल्डरिंगच्या रांगेत, तिसऱ्या नंबरच्या टेबलावर. आणि काय हात होता तिचा! तिने दिलेला टाका चांदीच्या थेंबासारखा चकाकायचा. नव्या मुलींना साहेब सांगायचे, तीन नंबरवर जाऊन बघा, शिकायचं तर तिथे. रेझिस्टर उचलता उचलता ती रंग पुटपुटायची, तपकिरी, काळा, लाल, तपकिरी, काळा, लाल, आणि आजूबाजूच्या मुली तिला चिडवायच्या.

मग एका महिन्यात चाळीस रेडिओ परत आले. लोकांच्या घरात धूर निघालेले. सगळ्यांच्या आतल्या चिठ्ठीवर टेबल नंबर तीन. साहेबांनी ताईला बोलावलं. ती म्हणाली, "साहेब, डब्यात पट्टे वेगळे वाटले म्हणून मी एकदा भावाला विचारलं होतं. पण डबे नीट आहेत म्हणून सांगितलं, म्हणून आले तसे लावले." साहेबांनी याला बोलावलं. "काय मीटर, डबे नीट होते?"

आणि हा म्हणाला, "हो साहेब. अगदी नीट."

आता खरं काय झालं होतं ते सांगतो. ते रेडिओ जोडले गेले त्याच्या आदल्या आठवड्यात याच्या हातून दोन डबे सांडले होते. एरवी माल आकडा लिहिलेल्या पाकिटांतून यायचा, हा ती पाकिटं लक्षात ठेवायचा, आणि लोकांना वाटायचं की नुसत्या नजरेने ओळखतो. त्या दिवशी पहिल्यांदाच खरोखर नजरेने ओळखायची पाळी आली. त्याने गुडघ्यांवर बसून सगळे गोळा केले, पटापट दोन ढीग केले, डबे भरले आणि कुणाला अवाक्षर बोलला नाही. सांडल्याचं कळलं असतं तर बोलणी बसली असती, दुसरं काय! मी बरोबर लावले होते, असं त्याने तेव्हा स्वतःला बजावलं आणि पुढची सदतीस वर्षं बजावत आला. लावलेच होते बरोबर. मीटर होता ना तो!

साहेबांसमोर ताईने वळून त्याच्याकडे पाहिलं होतं. रागाने नाही, बरं का. जरा गोंधळून. मग म्हणाली, "छोट्या म्हणतो म्हणजे नीटच असतील. माझंच काहीतरी चुकलं असेल." तिला रांगेतून काढलं आणि खोकी चिकटवायला बसवलं. कारखाना बंद पडेपर्यंत ती खोकी चिकटवत होती. घरी आई म्हणायची, "पोरीचं कामात लक्ष नाही." आई गेली तीही हेच मनात घेऊन गेली. आणि ताई? गॅसचं बटण तीनतीनदा बघते. औषधाची गोळी घेण्याआधी शेजारणीला दाखवते. सुईत दोरा ओवायचा तर म्हणते, तूच ओव बाई.

रविवार उजाडला. रात्री त्याने बायकोला सगळं सांगितलं होतं. सकाळी चहाचा कप पुढे ठेवत ती म्हणाली, "सांगणार आहात ना?"

"आता काय उपयोग? तिचं वय बघ. उगाच जुन्या गोष्टी..."

"उपयोग तुमचा की तिचा?" एवढं बोलून ती आत गेली.

तर बघा, गोष्ट सोपी होती. जास्तीचे रेझिस्टर पुडीत होते. मीटरने मोजायचं, दहा मिनिटांत बदलायचं, चार वाजता गाणं लावायचं. ताई खूश झाली असती, "माझा भाऊ किती हुशार" म्हणाली असती, आणि हेच त्याला सहन होईना. तीनदा त्याने गन तापवली, तीनदा बंद केली. अँप्लिफायर तसाच उलटा पडून राहिला.

ताई चारला दहा कमी असतानाच आली. जिना चढून धापा टाकत होती. "कुठाय तुझं यंत्र? अरे, हे तर पालथं पडलंय!"

"ताई, बस जरा."

"काय झालं? तब्येत बरी आहे ना?"

"डबे नीट नव्हते," तो म्हणाला.

"कसले डबे?"

मग त्याने सांगितलं. धड सांगता येईना. डबे सांडले ते सांगितलं. लपवलं ते सांगितलं. साहेबांसमोर खोटं बोललो ते सांगितलं. मला लाल दिसतच नाही गं, तपकिरी आणि लाल मला एकच दिसतात, हे मला कालच कळलं, पण डबे सांडलेत हे तर मला तेव्हाही माहीत होतं. तू विचारलंस तेव्हाही माहीत होतं. बोलता बोलता तो रडायला लागला, आणि त्या रडण्याचीही त्याला लाज वाटली.

ताई रडली नाही. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. टेबलावरच्या पुडीतले चार जास्तीचे रेझिस्टर तिने तळहातावर ओतून घेतले आणि खिडकीशी गेली. ओठ हलत होते. मग दोन इकडे, दोन तिकडे, असे तिने टेबलावर ठेवले. "मोज," ती म्हणाली.

त्याने मीटर लावला. चारही बरोबर होते.

"बघितलंस?" ती म्हणाली. आवाज बारीक होता. "मला दिसतं."

"हो ताई."

"मला तेव्हाही दिसत होतं. मी वेडी म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. दोनदा. ते म्हणाले, बाई, तुमचे डोळे उत्तम आहेत. मी त्यांच्यावर विश्वास नाही ठेवला. तुझ्यावर ठेवला." तिने रिकामी पुडी टेबलावर ठेवली. "आईला कोण सांगणार आता?"

तो मीटरची वायर गुंडाळत राहिला. बायको स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

"आतली वीज उतरवलीस?" ताईने विचारलं.

"काल उतरवली."

"परत उतरव. मी बघते."

त्याने तिच्यासमोर उतरवली. तिने बाह्या सरसावल्या आणि सदतीस वर्षांनी गन हातात घेतली. तिने मनगट टेबलाला टेकवलं, करपलेला तुकडा उचलून बाजूला टाकला आणि त्या जागी नवा लावला. मग याने लावलेला प्रत्येक रेझिस्टर भिंगाखाली घेऊन ती मोठ्याने वाचत गेली. तो बाजूला टॉर्च धरून उभा. आणखी तीन चुकीचे निघाले, ते तिने अदलाबदल करून नीट लावले. त्याने केलेले टाके तिला मुळीच आवडले नाहीत. "शी! ही काय शेणगोळ्यासारखी रास!" तिने तेही परत केले. तिचे टाके चकाकत होते.

"रागावलीस?" त्याने न राहवून विचारलं.

"हो. आणि उद्याही असणार आहे, परवाही असणार आहे. तू सवय करून घे. टॉर्च नीट धर."

अँप्लिफायर सरळ केला. ताईने स्वतः बटण दाबलं. व्हॉल्व्ह नारिंगी झाले, यावेळी धूर निघाला नाही. तबकडी फिरली आणि बाईंचा आवाज दोन्ही बाजूंनी खोलीभर उभा राहिला. काय सुरेख वाजत होतं! त्याने चोरून ताईकडे बघितलं. ती खुर्चीच्या कडेवर ताठ बसली होती, बोटावरचा राळेचा काळा डाग अंगठ्याने चोळत. तिचं गाण्याकडे लक्ष नव्हतं.

अर्धं गाणं झालं असेल. ताईने हात पुढे करून आवाज पार कमी केला.

"का गं? आवडलं नाही?"

"चांगलं आहे. ते नंतर ऐकू." तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली. "तू मघाशी डब्यांचं काय म्हणालास? पहिलं वाक्य."

तो म्हणाला, "डबे नीट नव्हते, ताई."

गाणं ऐकताना माणूस डोळे मिटतो, तसे तिने डोळे मिटले.

"अजून एकदा," ती म्हणाली.