पाचव्या मुलीचं स्थळ

सिंगापुरातल्या जुरोंग ईस्टच्या त्या कॉन्डो सोसायटीत पोचले आणि बेल वाजवण्याआधी दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटात डोकावले. ही माझी जुनी खोड. ऋचाच्या वडिलांच्या ऑफिसच्या बुटांशेजारी त्यांच्याहूनही मोठे, तिचे कॅनव्हासचे बूट ठेवलेले होते. ऋचा अवघी सोळा वर्षांची. मी मनातल्या मनात टाळी वाजवली आणि बेल दाबली.

ही खोड मी उचलली कोह सरांकडून. नव्वद साली आम्ही सेरंगूनला राहायचो आणि बाबा तुआसच्या कारखान्यात इंजिनिअर होते. आमच्या ज्युनिअर कॉलेजात बास्केटबॉलसाठी मुली निवडायची पद्धत तेव्हा फार सोपी होती. सकाळी झेंड्यापुढच्या रांगेत जिचं डोकं सगळ्यांच्या वर दिसेल, ती घ्यायची. माझं तर लांबूनही दिसायचं. कोह सर थेट घरी आले, दाराबाहेरचे माझे बूट बघून खूश झाले आणि सोफ्यावर बसून म्हणाले, "अरुणा, प्लीज स्टँड." मी उभी राहिले. "वॉक." मी चालून दाखवलं. आई पोह्यांवर खोबरं पेरता पेरता बाबांना म्हणाली, "अहो, हिची उंची कुणाला तरी आवडली!" सरांनी पोहे दोनदा घेतले आणि निघताना सांगितलं, "मंडे, फोर ओ'क्लॉक." मला विचारायची पद्धतच नव्हती.

पुढे सुट्टीत पुण्याला गेले की स्थळं यायची. तिथेही तेच, उभं राहा, चालून दाखव, पोहे दे. पाच फूट दहा इंच बघून मंडळी चहा संपवायची आणि गोड हसून म्हणायची, "कळवतो." एकानेही कधी कळवलं नाही. अभय तेवढा माझ्याहून दोन इंच बुटका असून पोहे खाता खाताच हो म्हणाला, म्हणून तर त्याच्याशी लग्न केलं.

मग मीच त्या कॉलेजात कोच झाले. तोवर नुसत्या उंचीवर भागेनासं झालं होतं. मी संध्याकाळी वसाहतींमधल्या कोर्टांवर फिरायचे आणि बॉल चुकल्यावर कोण काय करतं ते बघायचे. हात झाडत आभाळाकडे बघणारी मला नको असायची. चुकलेल्या बॉलमागे धावणारी हवी. नंतर खेळाच्या जोरावर प्रवेशाचे अर्ज आले, सर्टिफिकेटांच्या फायली आल्या, आणि आता तर मुली व्हिडिओ पाठवतात. मागे गाणं वाजत असतं आणि प्रत्येक बॉल जाळीत! कुणी चुकतच नाही. मग मी बघू काय, डोंबल?

मोठी कॉलेजंही मुलींना व्हिडिओ पाठवतात. त्यांच्याकडे बर्फाच्या पाण्याचे टब आहेत, परदेश दौरे आहेत. आमच्याकडे एक जुना हॉल आणि मी. यंदा संघात चौघीच उरल्या होत्या. पाचवी मिळाली नाही तर मुलींचा संघ बंद, असं प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. बाकीच्या चांगल्या मुली इतरांनी केव्हाच उचलल्या होत्या. उरली होती ऋचा.

तिची आई अनघा पोहे घेऊन आली. वडील निशिकांत आयटीत मॅनेजर. त्यांनी लॅपटॉप उघडला.

"मॅडम, प्रोग्रॅमचं व्हिजन काय?"

"जिंकणं," मी म्हणाले. "निदान हरताना दमणं."

ते हसले नाहीत. "विनिंग रेट?"

तो सांगण्यासारखा नव्हता, तरी सांगितला.

"तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ना?" अनघाने काळजीच्या सुरात विचारलं.

"एकाच गुडघ्याचं," मी म्हणाले, आणि मांडीवरच्या बशीकडे बघताना माझ्या लक्षात आलं की या घरात आज दाखवायला आणलेली मुलगी मीच आहे. चालून दाखवा म्हणाले असते तर चाललेही असते. ऋचा कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती.

शेवटी निशिकांतनी लॅपटॉप मिटला आणि गोड हसले. "कळवतो हं, मॅडम."

पोहे मात्र फार छान झाले होते, ते मी खरंखुरं सांगितलं आणि उठले.

दाराबाहेर वाकून बुटांच्या नाड्या बांधत होते, तर ऋचा मागून आली आणि इथल्या पोरांच्या 'आह-लह'वाल्या इंग्रजीत म्हणाली,

"कोच, दीज आर कोर्ट शूज! यू स्टिल प्ले, आह?"

"मग काय शोभेला घातलेत?"

"खाली कोर्ट आहे. कम, लह."

खाली तरण तलावाशेजारी अर्धं कोर्ट होतं. तिने बॉल माझ्याकडे फेकला आणि हाताची घडी घालून उभी राहिली. मी बॉल टाकला. तो कडीवर आपटून थेट तलावाकडे निघाला. मी लंगडत धावले आणि पाण्यात पडायच्या आत पकडला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला, पुन्हा धावले. पोहणारी दोन मुलं बघत राहिली. तिसऱ्यांदा जाळी हलली तेव्हा मला धाप लागली होती आणि ऋचा पोट धरून हसत होती.

"दॅट अदर कोच, इन द व्हिडिओ," ती म्हणाली, "नेव्हर टच द बॉल, लह."

मग तिने बॉल घेतला. टाकला, चुकला. तो जमिनीवर पडायच्या आत ती धावलेली होती. एवढंच बघायला मी इतकी वर्षं कोर्टं पालथी घातली होती. मला एकदम रडूच आलं. मी घाम पुसण्याचं निमित्त केलं.

तरी एमआरटी मेट्रोच्या फलाटावर पोचेपर्यंत निशिकांतांचं 'कळवतो' कानात वाजतच होतं. स्थळांच्या वेळी ते काय कमी ऐकलं होतं मी! आपल्या माणसाचं 'कळवतो' म्हणजे नाही. चौघींना उद्या काय सांगायचं, ते मी जुळवायला लागले.

फोन वाजला.

"मॅडम, निशिकांत बोलतोय. कळवतो म्हटलं होतं ना, म्हणून कळवतोय. ऋचाचं ठरलंय, आमचं काही चालेना. खेळायला कधीपासून पाठवू?"

"सोमवारी," मी म्हणाले. "चार वाजता."

गाडी आली, दारं उघडली, मिटली आणि ती निघूनही गेली. मी फलाटावरच उभी राहून अभयला फोन लावला.

"अरे," मी ओरडले, "त्यांनी कळवलं!"