विरेशचा बाप

विरेश डेंग्यूनं गेला तेव्हा नुकताच शाळेत जायला लागला होता. पूर्णेहून त्याला नांदेडला नेलं. पेशी वाढल्या, पुन्हा उतरल्या, आणि पोळ्याच्या आदल्या सकाळी सगळं संपलं. गावाबाहेरच्या लिंगायतांच्या रुद्रभूमीत जंगमस्वामींनी लेकराच्या कपाळाला विभूती लावली, जन्मल्यावर बांधलेलं लिंग त्याच्या तळहातावर ठेवलं. विरेशचा बाप राजशेखर स्वतः खड्ड्यात उतरला, लेकराला त्यानं मांडी घालून बसवलं, आणि मग वर यायलाच तयार होईना. दोघातिघांनी काखेत हात घालून त्याला ओढून काढलं.

त्या दिवसापासून विरेशच्या आईला, त्रिवेणीला, जगात एकच माणूस असा उरला होता की ज्याला काही सांगावं लागत नव्हतं. तो माणूस म्हणजे तिचा नवरा. दिवेलागणीला राजशेखर भांड्यांचं दुकान बंद करून आला की दोघं मागच्या पायरीवर बसायची. रुळांकडून मालगाडीचा आवाज आला की तिनं म्हणावं, "अप्पा, हिला खिडक्या का न्हाईत?" त्यानं म्हणावं, "हिच्यात बसणाऱ्याला बाहेर बघायचं नसतंय." विरेशचा रोजचा सवाल आणि त्याचं रोजचं उत्तर. एवढं बोलून दोघं रडायची. रडून झालं की घास तरी उतरायचा.

पण दिवाळीनंतर राजशेखरचं रडणंही आटलं, खाणंही. दुकान चार-चार दिवस उघडेना. एका दुपारी तो रुळांच्या कडेला नुसता बसलेला चंद्रभानला दिसला. चंद्रभान रेल्वेत गँगमन होता. निवृत्त झाल्यावर रेल्वे कॉलनीजवळच्या लहानशा चर्चमध्ये पाळक म्हणून काम बघायचा. त्यानं काही विचारलं नाही. हात धरून राजशेखरला घरी आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तिसऱ्याही. मग राजशेखरच त्याच्याकडे जायला लागला.

सासूबाई, बसम्मा, धुसफुसायच्या. "गळ्यात लिंग असताना दुसऱ्याच्या दारात कशाला?" त्रिवेणी त्यांना म्हणायची, "जाऊ द्या ना आई. माणूस जेवायलाय, झोपायलाय. कोणत्या का दारानं होईना."

माघात एक दिवस राजशेखर जेवता जेवता म्हणाला, "मला बाप्तिस्मा घ्यायचाय." बसम्मा ताटावरून उठल्या.

दोन दिवसांनी चंद्रभान आपणहून घरी आला. आत बसम्मांनी डबे आदळायला सुरुवात केली. तो खुर्चीच्या कडेवर टेकला आणि त्रिवेणीला म्हणाला, "ताई, तुमची हरकत असंल तर मी ह्यांना पाण्यात उतरवणार न्हाई. जबरदस्तीचा सौदा न्हाई हा."

"पाण्यात उतरून काय होतंय?" तिनं विचारलं.

मग त्यानं सांगितलं. यार्देन नावाची नदी. काठावर योहान नावाचा फकीर माणूस. केलेल्या चुकांच्या ओझ्यानं वाकलेली माणसं रांग लावून पाण्यात उतरायलीत, आणि त्या रांगेत एक दिवस येशू येऊन उभा राहिला. योहान म्हणाला, मीच तुमच्या हातून बाप्तिस्मा घ्यायला पाहिजे, तुम्ही कसे आलात? पण तो उतरला. पाण्यातून वर आला तसं आभाळ उघडलं, कबुतरासारखा आत्मा त्याच्यावर उतरला, आणि वरून बापाचा, म्हंजे देवाचा, आवाज आला, की हा माझा लाडका लेक हाय, ह्याच्यावर मी खूश हाय.

लेक हा शब्द ऐकून त्रिवेणीनं पदर तोंडाला लावला. पदराआडूनच तिनं विचारलं, "ह्याचा अर्थ काय पण?"

"पाण्याखाली जाणं म्हंजे मरण, ताई. जुना माणूस तिथं पुरला जातो. वर येतो तो नवा."

"जुना मेला म्हणजे कोण मेला?"

चंद्रभानला सवाल कळला नाही. त्रिवेणी हळू आवाजात म्हणाली, "जुना माणूस म्हणजे विरेशचा बाप हाय ना, भाऊ? तो एकदा त्या खड्ड्यात उतरलाय. निम्मा तिथंच राहिलाय. राहिलेला निम्मा तुमी नदीत बुडवणार. मग विरेशला अप्पा कोण राहिला?"

आतला डब्यांचा आवाज थांबला. राजशेखर खाली मान घालून बसला होता. खांद्याची हाडं सदऱ्यातून दिसत होती. त्रिवेणीनं ती हाडं बघितली आणि तिचा धीर सुटला. रुळांच्या कडेला पुन्हा कुणी वेळेवर पोचलं नाही तर?

"उतरवा," ती म्हणाली. "माझी हरकत न्हाई."

नदीला त्या सकाळी पाणी कमरेएवढंच होतं. चर्चमधली थोडी माणसं गाणं म्हणत होती. बसम्मा आल्या नव्हत्या. त्रिवेणी काठावर चपला हातात धरून उभी होती. राजशेखरनं गळ्यातलं लिंग आदल्या दिवशीच आईच्या देवघरात नेऊन ठेवलं होतं. त्याची मोकळी छाती तिला परक्याची वाटली. चंद्रभाननं एक हात त्याच्या पाठीला लावला आणि त्याला मागं झुकवून पाण्याखाली नेलं. क्षणभर वर नुसतं पाणी राहिलं. मग तो वर आला, केसांतून पाणी गळत होतं, आणि तो हसला. विरेश झाला त्या दिवशी दवाखान्याच्या दारात हसला होता, तसाच.

त्रिवेणीला बरंही वाटलं, आणि पायाखालची वाळू सरकल्यासारखंही वाटलं.

"लय हलकं वाटायलंय," घरी येताना तो म्हणाला. खरंच होतं ते. दुकान वेळेवर उघडायला लागलं. तो आईच्या पाया पडला, शिव्या खाल्ल्या, तरी चिडला नाही. एक दिवस दिवेलागणीला मालगाडी गेली. त्रिवेणी पायरीवर होती. तिनं सवयीनं म्हटलं, "अप्पा, हिला खिडक्या का न्हाईत?"

राजशेखर जवळ आला. तिच्या डोक्यावर हात ठेवून मायेनं म्हणाला, "तो सुखात हाय, त्रिवेणी. बापाजवळ हाय. आता त्याला सोड."

तो आत गेला. ती तिथंच बसली, आणि विरेश गेल्यापासून पहिल्यांदा एकटी रडली.

होळीनंतर चंद्रभान पुन्हा आला. राजशेखर घरीच होता. आल्या आल्या चंद्रभान त्रिवेणीला म्हणाला, "ताई, तुमच्या सवालानं मला झोप न्हाई. मी तुमाला गोष्ट अर्धीच सांगितली." मग तो राजशेखरकडे वळला. "राजूभाऊ, येशूला धुवायसारखं काही नव्हतं. त्याचं अंग स्वच्छच होतं. तरी तो उतरला, का की लोक त्या गढूळ पाण्यात उभे होते. त्यांना सोडून काठावर राहणं त्याला जमलं न्हाई. बापाचा आवाज आला तो त्यानंतर आला. तुमी वर आलात, लय चांगलं झालं. पण तुमची बायको अजून पाण्यातच उभी हाय. तिच्याकडं परत उतरायचं असतंय, हे मी तुमाला शिकवायला पाहिजे होतं."

राजशेखरचा चेहरा उतरला.

त्याच संध्याकाळी तो मागच्या पायरीवर आला. तिच्या शेजारी बसला. "सांग," म्हणाला.

त्रिवेणीनं सांगितलं. खिडक्यांचं सांगितलं. नांदेडच्या दवाखान्यात विरेशनं सलाईनची नळी धरून, अप्पा घरी चला, म्हटलेलं सांगितलं. ते तर दोघांनाही कधी उच्चारवलं नव्हतं. राजशेखर मन लावून ऐकत होता. त्यानं तिचा हात हातात घेतला. डोळे घट्ट मिटले, कपाळाला आठ्या घातल्या, ओठ दाबले. मग डोळे उघडून घाबऱ्या आवाजात म्हणाला, "मला रडू येईना गं, त्रिवेणी. मी उतरायलोय, पण खाली पायच लागंना."

तिनं त्याच्याकडे बघितलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला तिची दया येत होती, तिची फिकीर होती, जन्मभर राहील अशी. पण तो बसला होता तो दुखवट्याला आलेल्या पाहुण्यासारखा, अंग चोरून, काय बोलावं ते न सुचून.

त्रिवेणीनं डोळे पुसले. त्याच्या हातातून आपला हात हळूच सोडवला आणि उठली.

"चहा टाकू तुमाला?" तिनं विचारलं.