पाच नंबरचा पाय

“अगं, बाळंतपणानंतर पाय वाढतात. एकदा पट्टीवर ठेवून बघ,” शेजारच्या टेबलावरच्या ताई तिला म्हणाल्या होत्या. तिने ते हसण्यावारी नेलं. “माझा पाय म्हणजे ऑफिसचं माप आहे, ताई. पट्टीच माझ्यावर मोजा.”

मित्रांनो, ती पट्टी म्हणजे मी. पाय मोजायची जुनी लोखंडी पट्टी. चपला-बूट बनवणाऱ्या कंपनीच्या मुख्य ऑफिसात, डिझाइन विभागाच्या कपाटावर मी राहते. मी नवी होते तेव्हा माझे आकडे चकचकीत होते. कामाला येणाऱ्या प्रत्येकाला आधी माझ्यावर उभं करत. भोकं पडलेले कितीतरी मोजे मी पाहिले, पण कुणाचं बिंग फोडलं नाही.

आमच्याकडे बायकांच्या बुटाचा नवा नमुना आधी पाच नंबरातच बनतो. जिचा पाय नेमका पाच, तिने तो घालून चालायचं आणि कसा वाटतो ते सांगायचं. ताईंचं बोलणं हसण्यावारी नेणाऱ्या हिचा पाय तसाच होता. सगळे तिला ‘पाच नंबर’ म्हणूनच हाक मारत. मग मला कोण विचारणार? माझ्यावर धूळ साचली.

बाळ रांगायला लागलं आणि ती रजेवरून परतली. आता नमुना घालताना ती श्वास रोखायची, बोटं मुडपून चार पावलं चालायची आणि म्हणायची, “छान बसतोय.” बसत नाही म्हटलं तर हे काम दुसरीकडे जाईल, मग आपली इथे गरजच काय, ही तिला भीती. कपाटावरून मला सगळं दिसायचं. टेबलाखाली बूट काढून ती अंगठा चोळत बसे. नख काळं पडलं होतं.

एक दिवस ती पाणी भरायला अनवाणीच निघाली. शेजारच्या टेबलावरून ताईंनी ते पाहिलं. त्यांनी मला खाली काढलं, फडक्याने पुसलं आणि तिच्या खुर्चीपुढे ठेवलं.

“ठेव पाय.”

“नको ना, ताई.”

“ही काही चावत नाही. चावतोय तो बूट.”

माझी सरकती कड सहावर थांबली. ती आकड्याकडे बघत राहिली. “म्हणजे मी आता पाच नंबर नाही.”

“नाहीस. पण कुठे दाबतं, कुठे घासतं, हे तुझ्याइतकं नेमकं कोण सांगतं इथे? चल, साहेबांशी बोलू. मी येते सोबत.”

आता नमुने हिशेब विभागातली नवी मुलगी घालते. ही तिच्यासमोर बसते, मला आधी पुढे करते आणि मग विचारते, “खरं सांग, कुठे दुखतंय?”

मित्रांनो, आज आई घरी आली की तिलाही हे विचारा. ती “काही नाही रे” म्हणेल. तरी तिचा अंगठा एकदा नीट बघा.