हेमलाच्या पटक्याखाली

मी चुंबळ बोलतेय. होय, तीच. बायका घागरीखाली डोक्यावर ठेवतात ती चिंध्यांची गुंडाळी. मुकुट बोलतोय म्हटलं असतं तर तुम्ही सरसावून बसला असता. असो. बसलाच आहात, तर ऐका.

केनवडजवळच्या तांड्यात गोमतीबाईनं जुन्या घाघऱ्याच्या चिंध्या पिळून, दोऱ्यानं आवळून मला बनवलं. डोक्यावर दोन घागरी घेऊन ती नाल्याची चढण चढायची आणि वाटेत सुनेशी, धनीबाईशी, भांडायचीसुद्धा. थेंब सांडत नसे. त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. बाईचं ते रोजचं काम!

कौतुक होतं तिच्या मुलाचं, हेमलाचं. तो डाकवाला. टपालाचा थैला घेऊन केनवडहून मालेगावला धावायचा. धावायचा कसला! माणसं बघतायत तोवर मुठी आवळून, खांदे कानाला लावून वळूसारखा सुटायचा. टाचा अशा आपटायचा, जणू जमिनीनंच काही गुन्हा केलाय. नाला आला की बाभळीखाली बसून धापा टाकायचा.

एक दिवस मालेगावच्या डाकबाबूंनी बजावलं, "होळीपर्यंत वेळेवर येत जाय. नाही तर थैला तुह्याच तांड्यातल्या त्या रूपल्याले देतो."

थैला गेला की घर मोडून परमुलखात खडी फोडायला जाणं आलं. धनीबाईला सातवा महिना होता.

हेमलानं काय करावं? रोज वाटीभर तूप जास्त खाल्लं आणि टाचा आणखी जोरानं आपटल्या.

गोमतीबाईनं चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी पहाटे तिनं मला त्याच्या डोक्यावर ठेवलं आणि माझ्यावर काठोकाठ भरलेली घागर.

"हे काय, याडी? मी काय बाई हाव?" तांड्यात आईला याडी म्हणतात.

"बाई असता तं मायले इतकं रडवलं नसतं. चाल!"

दहा पावलांत गडी चिंब. तांडा खिदळला. "हेमला, पैंजन कवा घालतं रे?" रूपला ओरडला. हेमलानं मला काट्यांच्या कुंपणावर भिरकावलं. गोमतीबाईनं मला सोडवलं, काटे उपटले आणि पुन्हा तिथंच ठेवलं.

मी डोक्यावर बसते, म्हणून डोक्यातलं मला कळतं. त्याच्या डोक्यात फक्त रूपला होता. रूपला मागून येतोय, रूपला हसतोय. असा विचार आला की मान आखडे, मान आखडली की घागर डुले.

"पानी काहून सांडून राह्यलं?"

"वाट खराब हाये."

"वाट तं मलेबी तीच हाये. रूपल्याले डोक्यातून उतरव. पुढच्या धा पावलांवर नजर ठेव. खांदे सोड, मूठ सोड. पाय उचल, आपटू नको."

आधी नुसतं चालणं, मग हळू दुडकी. महिना गेला. श्वास पावलांना धरून येऊ लागला. एका सकाळी नाला ओलांडून घागर बाहेरून कोरडीच घरी आली, तेव्हा धनीबाईनं तोंडात पदर कोंबला. हसत होती की रडत होती, कळलं नाही.

होळीच्या दिवशी त्यानं थैला उचलला. बघे जमले आणि खांदे पुन्हा कानाकडे निघाले. हेमला घरात परतला, गुपचूप मला डोक्यावर ठेवलं, वरून पटका बांधला. माझं वजन ते काय! पण मान सरळ झाली, खांदे उतरले. मालेगावात पोचलो तेव्हा डाकबाबूंचा चहा चुलीवरच होता आणि याचा श्वास असा, की जणू शेजारच्या घरून आलाय.

"कोनाजवळ शिकला रे धावायले?"

मी कान टवकारले.

"फौजेतला एक शिपाई भेटला होता, बाबूजी."

शिपाई! थैला राहिला, घर राहिलं, धनीबाईला मुलगी झाली, आणि श्रेय नेलं त्या नसलेल्या शिपायानं. गोमतीबाईच्या कानावर ते आलं. ती म्हणाली, "असू दे. पोरगा वेळेवर घरी येते, बस." तिच्या या भलेपणाचा मला आजही राग येतो.

आता तिची मान थरथरते. घागर धनीबाई आणते, नव्या चुंबळीवर. रूपलालाही दुसऱ्या वाटेवरचा थैला मिळालाय. तो हेमलाकडे धावणं शिकायला येतो. हेमला त्याला तूप, दंडबैठका आणि शिपाई सांगतो. बिचारा टाचा आपटतच परत जातो.

मी पटक्याखाली घामानं कुजतेय. रोज सकाळी कुणी बघत नाही ना, हे पाहून तो मला डोक्यावर ठेवतो. बाजारात लोक त्या पटक्याला रामराम करतात.

माझे दोरे सुटत आलेत. फार दिवस उरलेले नाहीत. मालेगावच्या भर बाजारात त्यानं एकदा पटका काढावा आणि आईचं नाव घ्यावं, एवढंच माझं मागणं. पण रोज इतकी वाट तुडवणाऱ्या या गड्याच्या अंगात चारचौघांत आपलेच दोन हात डोक्यापर्यंत न्यायचं बळ अजून आलेलं नाही.