वळणावरची पिवळी

इल्देने दगडाभोवतीचं गवत मुठीने उपटलं, हातांची माती झटकली आणि कमरेवर हात ठेवून ती सरळ झाली, तोवर बंदिस्त ट्रक वळणावर येऊन थांबलाही होता. दगडावर तिच्या नवऱ्याचं नाव कोरलेलं होतं, एर्मेस बोनाच्चीनी. कारखान्याच्या नव्या गाड्या मोदेनातून या डोंगरात आणून पळवून बघणं हे त्याचं काम. त्याच कामात, याच वळणावर तो गेला. लोरिस तेव्हा पाळण्यात होता.

तोच लोरिस आता पन्नाशी ओलांडून तिच्या शेजारी उभा होता.

"आई, आज स्टीअरिंगचं काढू नकोस हं," तो हळूच म्हणाला. "लोक मिलानहून आलेत."

"आले तर आले. गाडी खोलणाऱ्याशी बोलू देणार असाल तरच येईन, अशी अट घालूनच आलेय मी."

ट्रकचं दार उघडलं. पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी गाडी ढकलत, आजारी माणसाला खाटेवरून उतरवावं तशी, खाली घेतली. पिवळी, जमिनीला चिकटलेली, काचेसारखी चकचकीत. इल्देला तिची काही ओळख पटेना. तिच्या आठवणीतली गाडी बिनरंगाच्या पत्र्याची होती, चिखलाने माखलेली. तेव्हा अशा गाड्यांना सुपरकार म्हणायची पद्धत नव्हती. गावात तिला 'एर्मेसची सैतानीण' म्हणत. खालच्या पुलाशी तिचा आवाज आला की बायका पोरांना दारातून आत ओढत, आणि तीच पोरं मागच्या दाराने पळून रस्त्यावर येत.

अपघाताच्या दिवशी कारखान्याची माणसं मृतदेहाच्याही आधी गाडी घेऊन गेली. ताडपत्री टाकली आणि नेली. पुढे ती नव्याने बांधली, हिरवी रंगवली, कुणा परदेशी माणसाला विकली. घडलेल्याबद्दल कारखान्याने एवढंच सांगितलं की चालकाने वेग आवरला नाही. इल्दे मात्र जो भेटेल त्याला सांगत राहिली, की एर्मेस आठवडाभर तक्रार करत होता, डावीकडे वळताना स्टीअरिंग अडकतं म्हणून. लोक आधी ऐकत. मग मान डोलवत. मग रस्ता बदलू लागले.

आणि आता गाडीच्या नव्या मालकाने तिला पिवळी केली होती, तोच मूळ रंग असं म्हणत, आणि ज्या मरणावर ताडपत्री टाकली होती त्यावरच त्याला चित्रफीत काढायची होती.

मालकाच्या वतीने देबोरा नावाची तरुण बाई आली होती. तिने इल्देचे दोन्ही हात हातात घेतले. "सिन्योरा, तुमच्यामुळे या गाडीला आत्मा मिळणार आहे."

"कोर्राद्दी कुठाय?" इल्देने विचारलं.

गाडी खोलून पुन्हा जोडणारा कोर्राद्दी ट्रकच्या आडोशाला सिगारेट ओढत होता. तिला पाहून त्याने ती विझवली.

"सिन्योरा इल्दे, तुम्ही काय विचारणार ते लोरिसने सांगितलंय मला."

"मग सांग. सापडलं काही?"

"स्टीअरिंगचा सगळा सांगाडा नंतरचा आहे. अपघातानंतर बदललेला. जुना कुठे गेला, देव जाणे. वितळवला असेल."

"आणि बाकीचं?"

"इंजिन दुसरं. पत्रा मी ठोकलेला. पुढची चौकट निम्मी नवी." तो बुटाने खडी सारत राहिला. "खरं सांगू? चौकटीवर कोरलेला नंबर तेवढा तोच आहे."

इल्दे गाडीकडे वळली. एक दिवस ती सापडेल, कुणीतरी ती उघडेल आणि म्हणेल, बाई, तुझं खरं होतं. याच आशेवर तिने इतकी वर्षं काढली होती.

"चालू तरी करा," ती म्हणाली. "आवाज ऐकू दे."

देबोरा लगबगीने पुढे झाली. "नाही हो सिन्योरा, ती सुरू करत नाहीत. चालवली की किंमत उतरते. इथून थेट स्वित्झर्लंडला जाईल. तिकडे कोठारात तिच्यासाठी खास हवा राखलीय."

"मग घेतली कशाला?"

"जपायला," देबोरा म्हणाली. तिला प्रश्नच कळला नव्हता.

तेवढ्यात खालून तसलीच एक भाड्याची लाल गाडी वर आली. ट्रॅक्टरच्या मागे रखडत, गुरगुरत चालली होती. आतला पर्यटक फोन बाहेर काढून स्वतःचंच चित्रण करत होता. शेजारच्या सीटवरच्या माणसाने लोरिसला हात केला. लोरिसचंही काम तेच होतं, पर्यटकांच्या शेजारी बसून त्यांना या रस्त्यावरून फिरवून आणायचं. प्रत्येकाला तो या वळणावर सांगायचा, "माझा बाप हे वळण ब्रेकला पाय न लावता घ्यायचा. भीती कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं त्याला."

कॅमेरा लागला. देबोराने इल्देला दगडाशेजारी उभं केलं.

"सिन्योरा, एर्मेस कसे होते? वेगाचं वेड होतं ना त्यांना? तेवढंच सांगा, तुमच्या शब्दांत."

इल्देने ओठ ओले केले. स्टीअरिंगचं तिने साऱ्या जगाला सांगितलं होतं. एर्मेसच्या मनातलं मात्र कुणालाच नाही. त्या शेवटच्या आठवड्यात एर्मेस रोज सकाळी न्हाणीघरात ओकत असे. ती पाठीवरून हात फिरवायची. जाऊ नकोस म्हणायची. तो तोंड पुसत म्हणायचा, "नाही गेलो तर दुसरा जाईल, आणि मला भित्रा म्हणतील." शेवटच्या दिवशी बूट घालताना त्याचे हात इतके थरथरत होते की नाड्या तिनेच बांधून दिल्या. आज हे बोलायचं असं ठरवूनच ती आली होती. गाडी काही सांगणार नसेल, तर हे तरी.

तिने मान वर केली. कॅमेऱ्याच्या मागे, कुणाला तरी विचारून, लोरिस पिवळ्या गाडीत जाऊन बसला होता. बंद गाडीत. त्याचे केस कानांवर पांढरे झाले होते. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून तो वळणाकडे बघत होता, आणि त्याचे ओठ हलत होते. लहानपणी जेवणाच्या ताटाचं स्टीअरिंग करून तो तोंडाने जो आवाज काढायचा, तोच काढत असावा.

"सिन्योरा?" देबोराने आठवण केली.

"हो," इल्दे म्हणाली. "वेड होतं त्याला वेगाचं. आवरायचं नाही."

"आणि भीती?"

"छे. एर्मेसला कसली भीती!"

देबोराने डोळ्यांच्या कडा टिपल्या. "अप्रतिम," ती म्हणाली. हातमोजेवाल्यांनी लोरिसला अदबीने उतरवलं, त्याने धरलेली जागा मऊ फडक्याने पुसली आणि गाडी ढकलत ट्रकमध्ये घेतली. ट्रक उताराला लागला. कोर्राद्दी कुणाचाही निरोप न घेता निघून गेला.

गावाकडे उतरताना लोरिसने आईचा दंड धरला. त्याचा चेहरा उजळला होता.

"शेवटी तूच म्हणालीस," तो म्हणाला. "आवरायचं नाही म्हणून. म्हणजे स्टीअरिंगला काही झालं नव्हतं. एवढी वर्षं कारखान्याला उगाच शिव्या घातल्यास."

इल्देने पावलं जपून टाकली. उताराला खडी निसटत होती.

"हो रे," ती म्हणाली. "उगाचच."