साडेपाचचा भोपळा

सासूबाईंना त्या घरात कुणीच आई म्हणत नसे. पोटच्या दोन्ही मुलांसाठी त्या 'वहिनी' होत्या. थोरला बोलायला लागला तेव्हा घरात तीन काका दिवसभर 'वहिनी, वहिनी' करत फिरायचे. त्याने तेच उचललं, आणि धाकट्याने त्याचं ऐकून. 'आई' हा शब्द त्यांनी आजीला दिला, कारण भरवायची ती आणि झोपवायचीही तीच. लग्न होऊन आलेल्या सुनेला याची भारी गंमत वाटली होती. तीही मग वहिनीच म्हणायला लागली. हसता हसता सासूबाईंच्या तोंडाकडे बघायचं तेवढं तिच्याकडून राहून गेलं.

आता सुनेचा टिल्लू दहा महिन्यांचा झाला होता. रजा संपली आणि ती पुन्हा कारखान्यात शाळेच्या दप्तरांना चेन शिवायला जाऊ लागली. सकाळी सातला बाहेर, परत यायला साडेसात.

"दूध तोडायचं तर एकदाच तोडावं," सासूबाई म्हणाल्या. "रोज थोडं थोडं तोडलं की पोर नुसतं रडतं."

दूध तुटलं, पण टिल्लूची झोपही तुटली. तो रात्रीतून चारदा उठे. मशीनवर डुलकी लागून एके दिवशी सुई सुनेच्या बोटात घुसली, तेव्हा ती स्वतःच्या पायांनी दवाखान्यातल्या नर्सकडे गेली आणि नर्सने सांगितलेलं एका चिठ्ठीवर उतरवून घेऊन आली. 'संध्याकाळी मऊ, हलकं, ओळखीचं. उकडलेला भोपळा, गुरगुट्या भात, केळं. नवीन काही संध्याकाळी नको. गॅस करणारं नको. झोपेआधी तासभर.' झोप किती वाजता, ते मात्र नर्सने सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही. आईला कळतं, असं त्या भल्या बाईने धरलं असणार. चिठ्ठी फ्रिजवर लागली.

सासूबाईंनी चिठ्ठीतला शब्दन् शब्द पाळला. साडेपाचला भोपळ्याची वाटी, साडेसहाला पोर गाढ. असं बिनरडं, पोटभरलं, शहाणं मूल शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पाहिलं नव्हतं. आणि साडेसातला सून दारात चपला काढायची तेव्हा तिच्या वाट्याला यायचे ते पांघरुणाबाहेर आलेले दोन तळपाय.

"आज काय केलं त्याने?"

"टाळ्या वाजवल्या. किती गोड वाजवतो! उठवू नकोस हं. सवय लागलीय त्याला."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, पण केस दाखवणार कुणाला?

"वहिनी, साडेपाचऐवजी साडेसहाला भरवलं तर?" सुनेने एकदा धीर करून विचारलं. "मी येईपर्यंत तो जागा राहील."

सासूबाईंनी तिला फ्रिजपाशी नेलं, चष्मा लावून चिठ्ठी वाचली. "असं कुठे लिहिलंय? अक्षर तर तुझंच आहे ना?"

नवरा टायरच्या दुकानातून दमून यायचा. "खातोय, झोपतोय, तुला अजून काय हवं?" जन्मभर आईला वहिनी म्हणणाऱ्याला हे काय कळणार!

सुट्टीच्या दिवशी तिने हट्टाने वाटी हातात घेतली. टिल्लूने तोंड मिटलं आणि मान वळवून आजीला शोधलं. "भरवते गं मी, तू जरा पड," म्हणून सासूबाईंनी वाटी काढून घेतली. त्या दिवशी सून मोरीत जाऊन नळ सोडून रडली. तिला एकच हवं होतं. दिवसातून तासभर त्याने जागं राहून आपल्याला बघावं, ओळखावं. नाहीतर तो आपला राहणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

भोपळा मात्र सकाळी तीच उकडून, वाटून डब्यात ठेवायची. तिच्या हातचं तेवढंच त्याच्या पोटात जायचं. आणि एका सकाळी तिने त्या भोपळ्यात भिजवलेले वाटाणे उकडून वाटले. चांगले मूठभर. आपल्याच हाताने लिहिलेली चिठ्ठी समोर होती. ती तिच्याकडे पाठ करून उभी राहिली.

संध्याकाळी जिन्यातच तिला किंकाळी ऐकू आली. आणि खोटं कशाला सांगायचं, तिला आनंद झाला. जागा होता! दोन-दोन पायऱ्या चढत ती वर पोचली. टिल्लू लालबुंद झालेला, पाय पोटाशी घेतलेले, पोट दगडासारखं. तिने त्याला हिसकावूनच घेतलं. "आले रे, आई आली!"

तो कमानीसारखा मागे वाकला. तिच्या छातीवर दोन्ही हात रेटून त्याने स्वतःला ढकललं आणि आजीकडे झेप घेतली.

सासूबाईंनी त्याला हातावर पालथा घेतला, पाठ चोळली. दहा मिनिटांनी वारा सरला आणि तो त्यांच्या खांद्यावर मान टाकून हुंदके देत राहिला. मग त्यांनी हळूच विचारलं, "वाटाणे?"

नवरा आणि दीर दोघेही बघत होते.

"चव वेगळी लागली म्हणून डबा धुतला नाही मी," सासूबाई म्हणाल्या. "पण भरवून झाल्यावर चाटून बघितला ना, काय उपयोग."

"पोटच्या पोराला?" नवरा म्हणाला. त्याने तिच्याकडे बघणंच सोडलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"उद्यापासून डबा मी करेन," सासूबाई म्हणाल्या.

नंतर ओट्याशी दोघीच असताना त्यांनी स्वतःहून विषय काढला. आवाजात राग नव्हता. "मी दुधात मिरपूड घातली होती. तुझ्या नवऱ्याच्या. सासूच्या हातून पिऊच नये म्हणून. मीही अशीच पकडली गेले." त्यांनी वाटी पुसून पालथी घातली. "तीस वर्षं वाट बघितलीय मी त्या शब्दाची. तू अडवू नकोस."

चार महिन्यांनी टिल्लू बोलायला लागला. पहिला शब्द 'आई'. आजीच्या गळ्यात हात टाकून म्हणाला, आणि सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

सुट्टीचा दिवस होता. सून धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन आत आली. "वहिनी, सरका, मी उचलतो," दीर तिला म्हणाला. आजीच्या कडेवरून टिल्लूने आधी काकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "वयनी," तो म्हणाला, आणि टाळ्या वाजवल्या.

सगळं घर हसलं. हसून हसून दिराचं पोट दुखलं. या वेळी सून मात्र सासूबाईंच्या तोंडाकडे बघायला विसरली नाही.